विश्लेषण : सीएनजी किट बसवले, पण इंजिनाचे ‘टायमिंग’ कोणी तपासले?

अंधेरी असो वा मुलुंड, पेट्रोलच्या गाडीला बाहेरून सीएनजी किट बसवून घेणे उपनगरांत आता नवे राहिलेले नाही. किट घेताना टाकीची चाचणी, गॅसगळती, आरसी बुकातली नोंद याबद्दल मालक विचारतात. इंधन बदलल्यावर ठिणगीची वेळही पुन्हा तपासावी लागते, हे मात्र राहून जाते. पिकअप गेला की दोष गॅसला दिला जातो.

बेस टायमिंग म्हणजे काय?

पिस्टन सिलिंडरमध्ये सर्वांत वर पोहोचतो, त्या जागेला टीडीसी म्हणतात. इंधन-हवेचे मिश्रण पेटून दाब तयार व्हायला थोडा वेळ लागतो, म्हणून ठिणगी टीडीसीच्या काही अंश आधी पाडतात. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर क्रँकशाफ्ट एका मिलिसेकंदात १८ अंश फिरतो. वेग आणि भार बदलेल तशी ही वेळ डिस्ट्रिब्युटर किंवा ईसीयू पुढे-मागे करतो. तो जिथून मोजायला सुरुवात करतो, ते बेस टायमिंग. तराजूचा काटाच शून्यावर नसेल, तर पुढचे प्रत्येक वजन चुकते. इथेही तसेच होते.

सीएनजीमुळे काय बदलते?

सीएनजी पेट्रोलपेक्षा सावकाश जळतो, त्यामुळे ठिणगी आणखी काही अंश आधी लागते. टायमिंग पेट्रोलचेच ठेवले, तर जळण उशिरा पूर्ण होते, ताकद कमी पडते आणि उष्णता एक्झॉस्टकडे जाऊन व्हॉल्व्हवर ताण येतो. उलट, सीएनजीसाठी वेळ कायमची पुढे घेतली, तर तीच गाडी पेट्रोलवर ‘नॉकिंग’ करते आणि पिस्टनला इजा होऊ शकते. म्हणूनच फक्त गॅसवर वेळ पुढे घेणारा ‘टायमिंग ॲडव्हान्स प्रोसेसर’ मिळतो. पण बेस टायमिंग चुकलेले असेल, तर हा डबाही चुकीच्या आकड्यातच भर घालतो.

अनुभवी कान पुरेसा नाही का?

कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणाऱ्या प्रीमियर पद्मिनीच्या १,०८९ सीसी इंजिनावर मुंबईतल्या मेकॅनिकांच्या पिढ्या घडल्या. चालू इंजिनावर डिस्ट्रिब्युटर किंचित फिरवायचा आणि आवाज ऐकून थांबायचे, हे खरे कसब होते. पेट्रोलवर वेळ जास्त पुढे गेली की टकटक ऐकू येते आणि चूक लगेच कळते. उच्च न्यायालयाच्या आदेशांनंतर जुन्या टॅक्सी सीएनजीवर आल्या आणि या कसबाचा आधारच सुटला. साध्या पेट्रोलचा ऑक्टेन आकडा ९१, तर सीएनजीचा १२०च्या आसपास. गॅसवर नॉकिंग सहसा होतच नाही. म्हणजे वेळ चुकली तरी कानाला पत्ता लागत नाही. पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली, कानाने टायमिंग लावण्याची सवय मात्र जायला हवी होती.

मग योग्य पद्धत कोणती?

डिस्ट्रिब्युटर असलेल्या जुन्या गाडीत आधी पुलीवरची खूण खरोखर टीडीसी दाखवते का, ते पाहावे. रबर असलेल्या जुन्या पुलीची बाहेरची कडी सरकते, मग खूणच खोटी ठरते. इंजिन गरम करून आयडलिंग कंपनीच्या आकड्यावर आणावे. व्हॅक्यूमची नळी काढून तिचे तोंड बंद करावे. टायमिंग लाइट एक नंबरच्या प्लगच्या वायरला लावावा, डिस्ट्रिब्युटर फिरवून खूण जुळवावी. बोल्ट आवळल्यावर पुन्हा पाहावे, कारण आवळतानाही तो हलतो.

वेगळा ईसीयू बसवलेल्या गाडीत ईसीयूला एकाच आकड्यावर, समजा १० अंशांवर, थांबवून लाइटने ताळा घ्यावा. लाइट १४ दाखवत असेल, तर लॅपटॉपवरचा अख्खा नकाशा ४ अंशांनी खोटा आहे. कंपनीच्या ईसीयूवर चालणाऱ्या नव्या गाडीत बेस टायमिंग हाताने हलवता येत नाही. तिथे प्रोसेसरची सेटिंग आणि स्कॅनरवरचे आकडे पाहावेत.

जबाबदारी कोणाची?

पीयूसीत धुरातील घटक मोजतात, टायमिंग नाही. टाकीची दर ३ वर्षांनी होणारी चाचणी सुरक्षिततेसाठी आहे, इंजिनाच्या तब्येतीसाठी नाही. म्हणजे पीयूसी आणि टाकीचा दाखला दोन्ही खरे असूनही गाडी चुकीच्या वेळेवर धावू शकते. किटसाठी हजारो रुपये घेणाऱ्या गॅरेजने बिलावर एक ओळ लिहावी : पेट्रोलवर किती अंश, गॅसवर किती अंश, कशाने मोजले. आरसीवर सीएनजीची नोंद करताना आरटीओनेही तीच ओळ मागावी. तोवर मालकाने ती मागून घ्यावी. ‘आवाजावरून लावलंय, साहेब’ एवढ्यावर पैसे देऊ नयेत.