शब्द नसलेल्या पुस्तकातली मराठी

ज्या पुस्तकात शब्दच नाहीत ते मुलांना वाचून कसे दाखवायचे? अमेरिकेतल्या मराठी पालकांना पडणाऱ्या या प्रश्नाचे उत्तर जुने आहे आणि आपल्याच घरचे आहे. सिंधुदुर्गात, कुडाळजवळच्या पिंगुळीत, ठाकर समाजाने चित्रकथी पिढ्यान्‌पिढ्या जपली. रामायण-महाभारतातल्या प्रसंगांची सुटी चित्रे एकापाठोपाठ एक समोर धरायची आणि कथा गाऊन सांगायची. हे काम पुढे नेणाऱ्या परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

अमेरिकेत रूथ कॅरोल यांचे ‘व्हॉट व्हिस्कर्स डिड’ हे निःशब्द बालपुस्तक १९३२ मध्ये निघाले. तरी या प्रकाराला प्रतिष्ठा मिळायला बराच काळ गेला. चित्रपुस्तकांसाठीचे कॅल्डेकॉट पदक १९३८ पासून दिले जाते. डेव्हिड वीझनर यांच्या ‘ट्यूजडे’ला ते १९९२ मध्ये मिळाले, आणि जेरी पिंकनी यांच्या ‘द लायन अँड द माउस’ला २०१० मध्ये. पिंकनींच्या मुखपृष्ठावर नावसुद्धा नाही, फक्त सिंहाचा चेहरा आहे. ती गोष्ट आपल्या प्रत्येक आजीला पाठ असते.

मला सर्वांत मोलाचे वाटते ते मर्सर मेयर यांचे १९६९ चे ‘फ्रॉग, व्हेअर आर यू?’. बरणीतला बेडूक रात्री निसटतो, मुलगा आणि कुत्रा त्याला शोधायला निघतात. कुत्र्याचे डोके बरणीत अडकते. झाडाच्या ढोलीतून घुबड येते आणि मुलगा खाली पडतो. रूथ बर्मन आणि बर्कलेचे डॅन स्लोबिन या भाषाशास्त्रज्ञांनी हीच चित्रे पुढे ठेवून इंग्रजी, जर्मन, स्पॅनिश, हिब्रू आणि तुर्की बोलणाऱ्या मुलामोठ्यांकडून गोष्ट सांगून घेतली. १९९४ मध्ये त्याचा ग्रंथ झाला. चित्र एकच असले, तरी सांगताना कशावर भर द्यायचा हे ज्याची त्याची भाषा बरेचसे ठरवते, असे त्यांना दिसले. मराठी आजीच्या तोंडी ते घुबड भसकन बाहेर येईल आणि पोरगा धपकन पडेल. हे भसकन आणि धपकन मुलाच्या कानावर घरातच पडायला हवे.

१९६५ च्या स्थलांतर कायद्याने अमेरिकेची दारे उघडली, १९८१ मध्ये तिथल्या मराठी मंडळांना जोडणारे बृहन्महाराष्ट्र मंडळ उभे राहिले, आणि पुढे गावोगावी मराठी शाळा भरू लागल्या. तिथली पुष्कळ मुले मराठी समजतात, पण देवनागरीशी अडखळतात. सहा महिन्यांसाठी आलेल्या आजीला इंग्रजी पुस्तक परके वाटते. निःशब्द पुस्तकापुढे मात्र दोघे बरोबरीने बसतात. पान मुलाने उलटावे, आजीने ‘आता काय होईल रे?’ एवढेच विचारावे. मध्येच इंग्रजी शब्द आला तर खुशाल येऊ द्यावा. तिथल्या तिथे चूक काढली की मूल सांगायचेच थांबते.

मराठी शाळांनी मुळाक्षरांच्या तक्त्याशेजारी अशी चार पुस्तके ठेवावीत. सार्वजनिक ग्रंथालयात ती फुकट मिळतात. या शनिवारी एक घरी आणा आणि गोष्ट मराठीत सांगा.