परतीची हमी

अंतराळात पाठविलेल्या प्राण्यांविषयी रत्नागिरीच्या एखाद्या बागायतदारापुढे कणव व्यक्त करावी, तर तो विचारील की, ज्या वानराने कालच आमची कोवळी शहाळी पाडली आणि हापूसच्या कैऱ्यांना एकेक चावा घेऊन त्या झाडाखाली टाकल्या, त्याच्या जातभाईला अग्निबाणात बसविले तर आमचे काय बिघडले? प्रश्न थट्टेचा वाटला तरी त्यात एक पूर्वपक्ष दडलेला आहे, आणि तो खोडण्यापूर्वी त्याच्या सोबत्यांचीही कैफियत ऐकून घेणे न्याय्य होईल.

पहिला सोबती विज्ञाननिष्ठ. तो म्हणतो, वजनरहित अवस्थेत हृदय नीट चालेल काय, घास गिळता येईल काय, याची खात्री कोणासही नव्हती. लायका मेली म्हणूनच युरी गागारिन जिवंत परतला. यातील पहिले विधान मला मान्य आहे, दुसरे नाही. ३ नोव्हेंबर १९५७ रोजी लायकाला स्पुतनिक-२ मधून धाडण्यात जी घाई झाली, ती शास्त्राची नसून ऑक्टोबर क्रांतीच्या चाळिसाव्या वर्धापनदिनाची होती. परतीची यंत्रणा त्या यानात नव्हतीच. उभे राहता यावे, आडवे होता यावे, पण वळता येऊ नये, अशा बंधांत जखडलेली ती कुत्री यानातील उष्णतेने काही तासांतच मेली. ती कित्येक दिवस जगल्याची समजूत २००२ मध्ये रशियन शास्त्रज्ञानेच खोटी ठरविली. उलट ऑगस्ट १९६० मध्ये बेल्का व स्त्रेल्का या कुत्र्या सुखरूप उतरल्या, आणि गागारिनला खरा आधार मिळाला तो या परतीचा.

दुसरा सोबती श्रद्धाळू. त्याच्या मते वानर हे मारुतीचे रूप, म्हणून ते अवध्य. या भूमिकेचा तोकडेपणा १९५९ साली उघड झाला. अमेरिकेच्या ज्युपिटर क्षेपणास्त्रातून पाठवावयाचे माकड भारतात जन्मलेले होते. येथील धर्मभावना दुखावतील म्हणून ते बदलून अमेरिकेत जन्मलेली एबल निवडण्यात आली. २८ मे रोजी ती जिवंत परतली खरी, परंतु चारच दिवसांनी, शरीरात बसविलेले विद्युदग्र काढताना, भूल दिलेल्या अवस्थेत मेली. श्रद्धेचा मान राहिला. वेदनेत मात्र रतीभरही फरक पडला नाही, केवळ तिचा धनी बदलला. शिवाय त्याच सुमारास आपल्या देशातून दरसाल लाखाहून अधिक माकडे परदेशी प्रयोगशाळांकडे रवाना होत होती. तो व्यापार मोरारजी देसाई यांच्या सरकारने १९७८ मध्ये बंद केला, तोही माकडांवर लष्करी किरणोत्सर्गाचे प्रयोग करून कराराचा भंग झाल्याची ओरड झाल्यावर.

राहता राहिला बागायतदार. त्याची फिर्याद रास्त आहे. वनखात्याने पिंजरे लावावेत, नुकसानभरपाई द्यावी. परंतु उपद्रव हा बंदोबस्ताचा आधार होय, यातनेचा परवाना नव्हे. लायकाने मॉस्कोत कोणाची बाग उद्ध्वस्त केली होती? ती रस्त्यावरची बेवारस होती, एवढेच तिच्या निवडीला पुरले.

मग मंडन कशाचे? सरसकट बंदीचे खचितच नव्हे. ज्याला संमती देता येत नाही, त्याला पाठविणाऱ्याने तीन अटी पाळाव्यात : प्रश्नाचे उत्तर अन्य मार्गाने मिळणारे नसावे, परतीची हमी उड्डाणापूर्वी सिद्ध असावी, आणि फलित दडवू नये. या कसोटीवर बेल्का-स्त्रेल्कांचे उड्डाण समर्थनीय ठरते. बॉनीचे मात्र नाही. कारण १९६५ मध्ये जेमिनी-७ मधून दोन माणसे चौदा दिवस राहून परतली असताना, १९६९ मध्ये या माकडाला तीस दिवसांच्या बेताने वर धाडले, प्रकृती ढासळल्याने नवव्या दिवशी उतरविले, आणि काही तासांतच ते मेले. लहान प्राण्यांवर भागत असेल तेथे मोठे प्राणी टाळावेत, हे तत्त्व आमच्या १९६० च्या प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायद्यातही नमूद आहे. आणि गगनयानाच्या मानवरहित उड्डाणासाठी इस्रोने जनावराऐवजी व्योममित्रा ही यंत्रमानवी निवडली, ती त्याच विवेकाला धरून आहे.

यावर आक्षेप येईल की, यंत्राला रक्त नाही, भय नाही. त्याच्यावरून देहाचे काय कळणार? देहाचे जे कळावयाचे त्यातील बहुतेक आता माणसांनीच, स्वेच्छेने, सहा दशकांहून अधिक काळ नोंदवून ठेवले आहे. ते दप्तर हाताशी असता नवे जनावर वर धाडू पाहणाऱ्याने, ते नेमके कोठे अपुरे पडते, याचा जाब आधी द्यावा.