स्विच नवे घ्या, आवृत्ती मात्र मुरलेली घ्या



कार्यालयात सध्या नव्या स्विचांची चर्चा चालू आहे. स्विच म्हटले की आपल्यापुढे दिव्याचे बटण उभे राहते. हे ते नव्हे. वजनकाटा, शेतकी खाते, प्रयोगशाळा, हिशेब खाते येथल्या संगणकांच्या तारा ज्या पेटीत येऊन मिळतात आणि कोणाचा निरोप कोणाकडे धाडायचा हे जी ठरवते, ती पेटी म्हणजे स्विच. पेटी कोणती घ्यायची यावर पुष्कळ बोलणे झाले. पण तिच्या पोटात जे सॉफ्टवेअर चालते त्याची कोणती आवृत्ती घालायची, हा विचार मागे पडतो आहे असे आम्हांस वाटते. खरी मेख तिथेच आहे.

कोणी म्हणेल, हा इंजिनिअर लोकांचा विषय, आपल्याला काय त्याचे? आमचे म्हणणे उलटे आहे. काट्यावर गाडी चढते, वजनाची पावती निघते, पावतीवरून बिल निघते. ऊस नियंत्रण आदेश, १९६६ प्रमाणे ऊस दिल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे असतात. ही सगळी साखळी तारेवर आली की ऐन जानेवारीत मध्यरात्री पेटी बसली तर गाड्या रांगेत उभ्या राहणार, ऊस वाळणार, वजन घटणार, उताराही पडणार. नुकसान इंजिनिअरचे नाही, शेतकऱ्याचे. शिवाय काटा म्हणजे आधीच संशयाची जागा. पावती अडली की लोक म्हणणार, "काट्यात काहीतरी गडबड आहे." हा बोल एकदा लागला की पुसता पुसत नाही.

आता आपण बेणे कसे निवडतो ते पहा. को ८६०३२ हे जुने वाण. त्यानंतर फुले २६५ आले, आणखीही आली. तरी ८६०३२ ला मान आहे, कारण त्याचा स्वभाव सगळ्यांना ठाऊक झालेला. नवे वाण निघाले म्हणून शहाणा माणूस पहिल्याच वर्षी सगळे रान त्याखाली घालत नाही. आधी चार सऱ्या लावतो, पाणी, रोग, वजन बघतो, मग वाढवतो. सॉफ्टवेअरलाही हाच न्याय लावावा.

उदाहरणादाखल सिस्को कंपनीचे घेऊ. तिच्या कॅटॅलिस्ट ९००० जातीच्या स्विचांवर आयओएस एक्सई नावाचे सॉफ्टवेअर चालते. त्यात १७.३, १७.६, १७.९, १७.१२ अशी दर तिसरी आवृत्ती लांब पल्ल्याची. तिला ३ वर्षे दुरुस्त्या देण्याचे धोरण. मधल्यांना वर्षभरच. पुढचा तिसरा आकडा दुरुस्तीचा फेरा दाखवतो. शिफारस असलेल्या आवृत्तीपुढे कंपनी स्वतःच तारा छापते. म्हणजे सर्वांत नवे तेच सर्वांत चांगले, असे खुद्द विकणारासुद्धा म्हणत नाही! मग आपणच का म्हणावे?

दुसऱ्या बाजूचेही ऐकले पाहिजे. "चालतंय ना, मग हात लावू नका," असे म्हणणारे आपल्यात कमी नाहीत. पण ऑक्टोबर २०२३ मध्ये याच आयओएस एक्सईच्या वेबपानात भोक सापडले. धोक्याच्या मापात १० पैकी १० गुण असलेले! त्यातून जगभरची हजारो यंत्रे परक्यांच्या हाती गेली. दुरुस्ती आल्यावरही जो हात जोडून बसला, त्याने दार उघडेच ठेवले. तेव्हा मुरलेली आवृत्ती म्हणजे कुजलेली नव्हे.

घाईचा दाखला १९ जुलै २०२४ चा. क्राउडस्ट्राइक कंपनीची एक सदोष दुरुस्ती एकदम सगळीकडे गेली आणि सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले. आपल्या देशात विमानतळांवर हाताने पास लिहून देण्याची वेळ आली. चार सऱ्या लावून पाहिल्या असत्या तर रान वाचले असते.

सहकारातलाच धडा हवा तर वारणेकडे पहावे. १९९८ साली तिथे ७० गावे संगणकाने जोडण्याची योजना आली. पुढे संगणकाऐवजी मोबाईलच्या संदेशावर उसाची माहिती देण्याचा प्रयोग झाला, तो आधी ७ गावांत. तो स्वस्त पडला, शेतकऱ्यांना सोयीचाही वाटला. सगळी गावे एकदम पणाला लावली नाहीत, हे आम्हांस महत्त्वाचे वाटते.

म्हणून संचालक मंडळापुढे आमचे मागणे एवढेच. लांब पल्ल्याची, शिफारशीची आणि दुरुस्तीचे तीन-चार फेरे झालेली आवृत्ती घ्यावी. सगळ्या स्विचांवर तीच एक असावी. खोक्यातून जी निघेल ती तशीच चालवू नये. बॉयलर पेटण्याआधी, पावसाळ्यातच, एक स्विच हिशेब खात्यात महिनाभर चालवून पहावा. काट्याची पाळी सर्वांत शेवटी. मोळी पडल्यावर हंगाम संपेपर्यंत बदल बंद. अपवाद फक्त सुरक्षेच्या दुरुस्तीचा, तीही आधी एका पेटीवर तपासूनच. जुनी आवृत्ती आणि मांडणीची प्रत कपाटात राहावी, झालेला प्रत्येक बदल तारखेनिशी वहीत लिहावा. आणि तार तुटली तरी काट्यावर वजन होऊन पावती निघालीच पाहिजे, ही अट पहिली.

यात जादा खर्च फारसा नाही, थोडा धीर लागतो. बारा महिने उसाची वाट पाहणाऱ्या माणसाला धीर शिकवायची गरज नाही. तो कार्यालयानेही दाखवावा. येत्या सभेत सभासदांनी हा प्रश्न जरूर विचारावा, "पेटी कितीला घेतली?" याच्या जोडीला, "तिच्यात काय घातले, आणि आधी तपासले का?"