फेकजाळ्याचा गोल

गडचिरोलीतल्या मुलचेऱ्याकडे फेकजाळं टाकायला शिकायचं असेल तर सुरुवात बोडीच्या, म्हणजे छोट्या तळ्याच्या, पाण्यात नाही, कोरड्या अंगणात करावी. दोरीचा फास डाव्या मनगटाला, घेराचा थोडा भाग कोपरावर, उरलेला उजव्या हातात. काही जण काठ दातांतही धरतात. मग कंबरेतून वळायचं आणि सोडायचं. नवशिक्याचं नेमकं इथंच बिनसतं. तो हाताचा जोर लावतो आणि जाळं केळ्यासारखं लांबुळकं पडतं. जोर कंबरेचा हवा, हातांनी फक्त सोडण्याची वेळ सांभाळायची. घेराला ओवलेल्या शिशाच्या गोळ्या त्या फिरकीसरशी बाहेर ओढ घेतात आणि त्याच जाळं उघडतात. गळाला नकली माशी लावून मासेमारी करणारे विलायती शौकीनही वेळेचीच साधना करतात : त्या माशीला वजन नसतं, जाड दोरीच तिला पुढे नेते, म्हणून मागे गेलेली दोरी सरळ होईपर्यंत त्यांना थांबावं लागतं. आपल्याकडे मासेमार ढिवरांच्या हातात ही विद्या पिढ्यान्‌पिढ्या आहे. आणि १९८२ साली गडचिरोली जिल्हा होण्याच्या आधीच इथं वसलेली पूर्व बंगालची कुटुंबं तर खेपला जालाच्या, म्हणजे बंगाली फेकजाळ्याच्या, मुलखातूनच आलेली. दोघांचेही हात जवळून बघावेत. गोल पुरा पडला की गोळ्या एकदम पाण्याला लागतात. त्या तळाशी बसू द्याव्यात. घाईनं ओढलं तर काठ उचलला जातो आणि मासा खालून निसटतो. पोरांना शिकवणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं एवढंच, की त्यांच्या हाती बारीक डोळ्यांचं जाळं देऊ नका. बोटाएवढी पिल्लं सुटून गेली पाहिजेत, पुढच्या वर्षीचा मासा तोच.