उबदार किनाऱ्याचे पाहुणे

नाताळची सुटी लागली, की देशावरील अनेक कुटुंबे कोकणची वाट धरतात. घाटावर थंडी अंगाला झोंबत असते. किनाऱ्यावर मात्र हवा सौम्य असते, कारण समुद्र जमिनीपेक्षा सावकाश तापतो आणि सावकाश निवतो. आईवडिलांनी मुलांसह तेथे चार दिवस आनंदात घालवावेत, यात गैर काहीच नाही.

परंतु त्या वाळूची ऊब आणखी एका पाहुणीलाही हवी असते. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळासच्या किनाऱ्यावर साधारणतः नोव्हेंबर ते मार्च या काळात ऑलिव्ह रिडले कासवाची मादी रात्री येते, वाळूत खड्डा करून सुमारे १०० अंडी घालते, ती झाकते आणि समुद्रात परतते. पुढे सुमारे ५० दिवस वाळूची ऊबच त्या अंड्यांचे संगोपन करते. वाळूवर हौसेने पिटाळलेल्या मोटारीखाली असे घरटे सहज चिरडले जाते. प्रखर दिव्यांमुळे पिले समुद्राऐवजी भलत्याच दिशेला जातात. पूर्वी या अंड्यांची चोरी होत असे. २००२ पासून मात्र चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेच्या पुढाकाराने ग्रामस्थ त्यांची राखण करू लागले.

गावाने एवढ्या कष्टाने जे जपले, ते पाहुण्यांनी चार दिवसांत मोडू नये. मोटार रस्त्यावरच ठेवावी, रात्री दिवे मंद ठेवावेत, कचरा परत न्यावा. एवढ्याने सुटीचा आनंद तिळभरही उणा होत नाही. यजमानाचे घर होते तसे ठेवून निघणे, हाच पाहुण्याचा धर्म होय.