जेवण झालं. जेवण झालं? जेवण झालं!

बंगळुरूत वाढणाऱ्या मुलाच्या कानावर रोज पडणारा प्रश्न म्हणजे ‘ऊट आय्ता?’ जेवण झालं का? उत्तर येतं, ‘आय्तु.’ झालं. कन्नडमध्ये शेवटचा स्वर बदलला की विधानाचा प्रश्न होतो. मराठीत मात्र ‘जेवण झालं’ हे शब्द सांगतानाही तेच आणि विचारतानाही तेच. ‘का’ जोडायची सोय आहे, पण घरात बोलताना आपण तो बऱ्याचदा गाळतो आणि आवाज चढवून काम भागवतो. कागदावर आवाज नसतो. तिथे सगळा भार शेवटच्या चिन्हावर.

म्हणून मुलांना वाक्यांचे प्रकार शिकवताना व्याख्यांपासून सुरुवात करू नका. विधानार्थी, प्रश्नार्थी, उद्गारार्थी, आज्ञार्थी ही नावं जड आहेत, नंतर आली तरी बिघडत नाही. आधी ‘बाबा आले’ हे एकच वाक्य मुलाला तीन तऱ्हांनी म्हणू द्या. आजी फोनवर असेल तर तिला ओळखायला सांगा: नातू सांगतोय, विचारतोय, की आनंदाने ओरडतोय? मग तेच वाक्य तीनदा लिहून योग्य ते चिन्ह द्यायचं.

थोड्याच दिवसांत मुलं स्वतःचा एक नियम बनवतात. ‘काय’, ‘किती’, ‘कधी’ दिसलं की ठोक प्रश्नचिन्ह! इथे थोडं थांबावं लागतं. ‘किती पाऊस पडला?’ याचं उत्तर मिलिमीटरमध्ये देता येतं. ‘किती पाऊस पडला!’ म्हणणाऱ्याला उत्तर नकोच आहे. आणि ‘बस कधी येणार ते मला माहीत नाही.’ यात ‘कधी’ असूनही कोणी काही विचारत नाही, म्हणून पूर्णविराम. मुलाला शब्द शोधायला लावू नका. ‘या वाक्याला उत्तर हवंय का?’ एवढंच विचारा.

आज्ञेचंही तसंच. आज्ञार्थी वाक्यापुढे उद्गारचिन्हच हवं, असा काही मुलांचा समज असतो. ‘दार लाव.’ एवढं पुरतं. ‘दार लाव!’ लिहिलं की आई चिडलेली दिसते. ती खरंच चिडली असेल तर गोष्ट वेगळी.

आता उभ्या रेघेचा गोंधळ. शाळेत हिंदी शिकणारं मूल वाक्याच्या शेवटी दंड देतं आणि मराठीतही तोच ओढतं. त्यावर लाल शेरा मारण्याआधी हे पाहा, की घरातल्या मनाच्या श्लोकांच्या पुस्तकात त्याला दंड दिसतोच. पद्यात तो आपलाच आहे. मराठी गद्यात मात्र टिंब रुळलं. जुन्या मोडी कागदांत तर वाक्य कुठे संपलं, हे वाचणाऱ्यालाच ओळखावं लागे. शब्दांमध्येही जागा सोडलेली नसे. इंग्रजी धर्तीची विरामचिन्हं मराठीत रुजवण्याचं श्रेय मेजर थॉमस कँडी यांना दिलं जातं. 1831 च्या मोल्सवर्थ शब्दकोशाच्या कामात हातभार लावणारे हेच कँडी. त्यांनी 1850 मध्ये ‘विरामचिन्हांची परिभाषा’ हे पुस्तक लिहिलं. मुलांना ही गोष्ट आवडते: टिंबालाही इतिहास असतो!

इथल्या बऱ्याच घरांत मराठी फक्त बोलली जाते. मूल ती लिहितं ते बहुधा फोनवरच, गावाकडच्या आजीला. तिथे चिन्हं सगळ्यात आधी गळतात. ‘आजी तू दिवाळीला येणार नाहीस’ असा निरोप साताऱ्यात पोचला, तर आजीने काय समजायचं? नातीने विचारलंय, की कोणीतरी परस्पर ठरवून टाकलंय? पाठवायचं बटण दाबण्याआधी नातीला तो निरोप एकदा मोठ्याने वाचायला सांगा. आवाज जिथे चढेल, तिथलं चिन्ह तिचं तिलाच सापडेल.