उलटं कोरायचं, सुलटं उमटायचं

मैत्रिणींनो, अर्धा बटाटा कापून त्याचे ठसे मुलांना करून दिले असतीलच तुम्ही. माझ्या वर्गातल्या पोरी दरवेळी फसतात. अक्षर सुलटं कोरतात, अन् कागदावर उमटतं उलटं! अशा उलट्या कामात एका रशियन बाईनं जन्म घातला. तिचं नाव ॲना ओस्त्रोउमोवा-लेबेदेवा. जन्म १८७१ चा, सेंट पीटर्सबर्गमधला.

लाकडाच्या ठोकळ्यावर चित्र कोरायचं, शाई लावायची, वर कागद दाबायचा. रंगीत चित्र हवं तर रंगागणिक ठोकळा वेगळा, छापाच्या साडीचे असतात तसा. एक जरा सरकला की सगळी मेहनत फुकट. त्या काळी रशियात लाकडी ठसा म्हणजे बहुतेक दुसऱ्याच्या चित्राची नक्कल. जपानी ठसेचित्रं पाहून हिला वाटलं, यातून स्वतःचं चित्र का होऊ नये?

पण तैलरंगांच्या वासानं तिला दमा जडला. सुगरणीला फोडणीच सोसू नये, तसंच की हे! तिनं तैलरंग सोडले, चित्र नाही. लाकूड होतं, जलरंग होते. १९०५ साली सर्गेई लेबेदेव या रसायनशास्त्रज्ञाशी लग्न झालं. पुढे कृत्रिम रबर तयार करणारे ते हेच. लग्नानंतरही तिची भटकंती थांबली नाही, हे मला फार आवडलं. इटली झाली, १९१३ ला हॉलंड-बेल्जियम, १९१४ ला स्पेन. परगावचे कालवे, पूल, जुनी घरं तिनं कागदावर आणली. नाव मात्र झालं ते स्वतःच्या गावच्या चित्रांनी: नेवा नदी, पूल, बर्फातली झाडं.

त्याच गावाला १९४१ साली जर्मन फौजांनी वेढा घातला. तेव्हा ते लेनिनग्राड झालेलं. ही सत्तरीची, पती १९३४ मध्येच गेलेले. तरी गाव सोडलं नाही. बाँब पडत असताना न्हाणीघरात हात धुण्याच्या भांड्यावर फळी टाकायची, अन् मिणमिणत्या वातीपुढे बसून लिहायची. स्कॉटलंडच्या बायकांनी धीर देणारा एक चित्रसंग्रह तिथल्या बायकांना पाठवला, तेव्हा उत्तरादाखल गेलेल्या संग्रहात हिचंही काम होतं. १९४४ च्या जानेवारीत वेढा उठला. १९५५ साली ती गेली.

हे वाचल्यावर मी आमच्या वाशिमचं पद्मतीर्थ आठवून काढायला बसले. लग्न होऊन आल्यापासून पाहतेय, पण दोन रेघांतच अडले. काठावरची झाडं नेमकी कुठल्या बाजूला, तेच आठवेना! आता रविवारी वही घेऊन जाणार आहे. धाकटीही येते म्हणतेय.